बिनफाटकाचा गडगा

॥ श्री ॥
मरोळ, अंधेरी (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

ती. सुगंधाआत्यास गार्गीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण तुझं ते कानातलं यंत्र शिट्या मारतं आणि मी ओरडायला लागले की तुझ्याआधी पलीकडच्या खोलीत बाबांना ऐकू जातं. आज जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू अजून जिना उतरत नाहीस असं तुझा सौरभ म्हणाला, म्हणजे तुला पत्र वाचायला वेळही असेल.

बातमी अशी की बाबांना काम मिळालंय. स्टुडिओवाल्यांनी हिरव्या कापडापुढे शूटिंग करून डोंगर कॉम्प्युटरवर चिकटवायला सुरुवात केली, तेव्हापासून पडदे रंगवणाऱ्या बाबांचे ब्रश डब्यात वाळत होते. आता इथल्या गावठाणातल्या चॅपलसाठी फादर आंतोन यांनी त्यांना मोठं चित्र सांगितलंय. देवदूत येऊन मारियेला सांगतो की तुला मुलगा होणार, तो प्रसंग. पंचवीस मार्चला त्यांचा सण असतो, त्याआधी चित्र लागायला हवं. फादर मूळचे वसईचे, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलतात. त्यांची अट एकच होती, मागचा देखावा परदेशातला नको, आपल्या मातीतला हवा.

काल चॅपलमागच्या शेडमध्ये बाबांचा डबा घेऊन गेले. चित्राच्या मधोमध बाई बसलीय, निळा पदर, समोर देवदूत, सगळं नेहमीसारखं. पण मागे बघते तर आपली गावची वाडी! तीच विहीर, तीच करवंदीची जाळी, तोच एका खांद्याचा डोंगर. आणि सगळ्याभोवती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा नवाकोरा गडगा, कंबरभर उंचीची भिंतच. आत्या, विहिरीच्या बाजूला आपला गडगा कधी होता गं? मला तरी आठवत नाही. आणि या गडग्याला कुठेही फाटक नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा शोधलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, चित्र आहे, बघ आणि डबा ठेव.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण महिनाभर बाबा फोन आला की बाल्कनीत जाऊन दार लोटून घेतात. परवा मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने गेले, तर पलीकडे आपल्या गावचा काशीराम गवंडी होता. बाबा त्याला सांगत होते की सहदेवाला वास लागायच्या आत गडगा उभा राहिला पाहिजे, आणि सुगंधाला यातलं अवाक्षर कळता कामा नये. मला बघून त्यांनी एकदम हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या. चित्रात गडगा, गावात गडगा, आणि दोन्हींत तुला बातमी नाही. मला हे बरं दिसत नाही.

गुडघ्याला जप, फिजिओवाल्याला शिव्या कमी घाल. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
गार्गी

॥ श्री ॥
मुलुंड (पूर्व)
१८ जानेवारी २०२५

चि. गार्गी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं आणि मग उशीखाली ठेवलं, कारण सौरभला सगळ्याची चेष्टा सुचते. तू कळवलंस ते फार बरं केलंस. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला गणपतीतच कळलं होतं. मी दादाला सहज म्हटलं होतं की मे महिन्यात गुडघा बरा झाला तर गावी जाऊ, तर त्याने आरतीचं ताट पुढे करून विषय बदलला. तुझा बाप लहानपणापासून आतल्या गाठीचा. ताकास तूर लागू देणार नाही.

तुला माहीत नाही ते सांगते. आई गेली तेव्हा मी हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. दादाने मागितली, मी दिली. आमच्या वेळी बहिणी देत असत, त्यात मी काही मोठी दानशूर नव्हते. पण त्याच दिवशी विहिरीच्या काठावर बसून दादा म्हणाला होता की कागद कागदाच्या जागी, विहिरीकडचा कोपरा तुझा. तिथला फणस, पाणी भरायची पायरी, सगळं तुझं, तिथे तुला कोणी अडवणार नाही. मला जमीन विकायची नाही गं, बंगलाही बांधायचा नाही. पण माहेर म्हणून पाय टेकायला जगात तेवढी एक जागा आहे. ती कोणी बांधून काढली, तर मी कुठल्या तोंडाने गावची म्हणवून घेऊ?

सहदेव आमचा चुलतभाऊ, शेजारची वाडी त्याची. रिसॉर्टवाले किनाऱ्याला जागा शोधत फिरतात हे त्याच्या बायकोनेच मला फोनवर सांगितलं होतं. दादाला सहदेवापासून लपवायचंय म्हणजे सहदेवाच्या आधी गिऱ्हाईक गाठायचं असणार. आणि माझ्यापासून का लपवायचं ते उघडच आहे.

आता तू एक काम कर. पुन्हा डबा घेऊन जा आणि नीट बघ. फणस गडग्याच्या आत आहे की बाहेर? विहिरीची पायरी कुठल्या अंगाला काढलीय? कुठे नवीन रस्ता दाखवलाय का? दादा डोक्यातून काही काढत नाही, जे असेल तेच रंगवतो. स्टुडिओत सुद्धा त्याचा हिमालय आमच्या डोंगरासारखा दिसतो म्हणून बोलणी खायचा. डोळ्यांत तेल घालून बघ आणि लगेच लिही.

पवईच्या ऑफिसमधून घरी यायला उशीर करू नकोस. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
सुगंधाआत्या

॥ श्री ॥
मरोळ
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे दोन रविवार डबा घेऊन गेले. बाबा म्हणाले, हल्ली फार प्रेम उतू चाललंय. त्यांनाही माझा संशय यायला लागलाय, म्हणजे घरात आता सगळे सगळ्यांकडे तिरक्या नजरेने बघतात.

वाईट बातमी आधी सांगते. चित्रात फणस नाही. त्याच्या जागी तोडलेला बुंधा आहे आणि बुंध्याच्या कडेने हिरवा कोंब वर आलाय. बुंधा गडग्याच्या आत आहे. विहीर पण आत आहे, पण तिच्यावर फळ्या टाकून ती झाकलीय. पायरी दिसतच नाही. आणि हो, गडग्याच्या मागून एक वाट निघते, ती वळणं घेत थेट डोंगरावर जाते. अशी वाट आपल्याकडे नाही ना?

माझा चेहरा बघून फादर आंतोनांनी मला बाजूला बसवलं आणि एकेका गोष्टीचा अर्थ सांगितला. म्हणाले, आमच्या चित्रांत झाड म्हणजे नुसतं झाड नसतं. चारी बाजूंनी बंद असलेली बाग म्हणजे मारिया स्वतः, म्हणून बागेला फाटक काढायचं नाही. झाकलेली विहीर पण तीच. तोडलेल्या झाडाचा कोंब म्हणजे एका जुन्या राजाचा वंश, सगळ्यांना वाटलं संपला आणि त्यातूनच येशू आला. करवंदीचे काटे पुढे त्याच्या डोक्यावर बसणार आहेत. आणि ती वाट ज्या डोंगरावर जाते तिथे तो मरणार आहे. आई अजून बातमीच ऐकतेय आणि मागे मुलाचं मरण काढून ठेवलंय. जुन्या परदेशी चित्रांत पांढरी लिली असते, तिच्याऐवजी बाबांनी विहिरीकडचा सोनटक्का काढलाय, तो फादरना फार आवडलाय.

फादर खोटं बोलणारे वाटत नाहीत. पण आत्या, अर्थ सांगितल्यावर माझा संशय कमी व्हायचा तो वाढलाच. बाबांना आडोसा किती छान मिळाला बघ! कोणी विचारलं फाटक का नाही, तर मारिया. फणस का तोडला, तर राजाचा वंश. प्रत्येक गोष्टीला धर्माचं उत्तर तयार. मग काशीरामला चिरे कुठल्या धर्मासाठी उतरवायला सांगितले? परवा त्याचा निरोप आलाय की दोन ट्रक चिरे विहिरीपाशी पडलेत आणि पाया खणून झालाय. हे मी बाबांच्या फोनवर वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

बाबांना सरळ विचारू का? तू म्हणशील तसं करते. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
गार्गी

॥ श्री ॥
मुलुंड
९ फेब्रुवारी २०२५

चि. गार्गी हिस आशीर्वाद.

फणस तोडला हे वाचलं आणि मला दुपारचं जेवण गेलं नाही. त्या फणसाचे गरे आई माझ्या बाळंतपणात कोणाबरोबर तरी मुंबईला पाठवायची. राजाचा वंश म्हणे! ज्या राजाचा असेल त्याचा असो, झाड माझं होतं.

अगं, मलाही देवाधर्माचं कळतं. कोणाच्या देवाबद्दल वाकडं बोलायचं नाही, फादरांनी सांगितलेलं सगळं खरंच असणार. पण चित्र काढणारा आमचा आहे. कोकणातल्या माणसाला गडगा दिसला की त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण हे आधी दिसतं. दादाला ते दिसलं नसेल असं तू मला सांगू नकोस.

तू दादाला काही विचारू नकोस, कारण मी विचारायची वेळ ठेवलीच नाही. परवाच ग्रामपंचायतीला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. लिहिलं की विहिरीकडच्या जागेत माझा वाद आहे, तो मिटेपर्यंत गडग्याचं काम थांबवावं. सौरभकडून टाइप करून घेतला. तो म्हणाला आधी मामाला एक फोन कर. मी म्हटलं, तुझ्या मामाने मला फोन केला होता का?

मला बरं वाटत नाहीये, हेही तुला सांगते. जन्मात पहिल्यांदा भावाविरुद्ध कागदावर सही केली. पण दादाने मला आधी बाहेर काढलं, मी नाही. हे आपल्या दोघींत ठेव. तुझ्या तोंडात तीळ भिजतो, यावर माझा भरवसा आहे.

तुझं कल्याण असो, आणि तुला भाऊ असता तर तो तुझ्याशी असं वागला नसता, एवढंच म्हणते.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥
मरोळ
४ मार्च २०२५

चि. सुगंधा हिस जयवंतचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहितोय कारण काम बिघडलंय आणि आता तुझ्यापासून लपवून उपयोग नाही.

तुला कळवलं नव्हतं, गेल्या पावसात सहदेवाने आपला फणस तोडला. म्हणाला त्याच्या बाजूला कलला होता, कौलं फुटली असती. झाड पडल्यावर हद्दीचे दगडही हलले. पुढच्या वेळी गेलो तर दगड विहिरीच्या अलीकडे! आणखी एक पावसाळा गेला असता तर विहीर त्याची झाली असती. ती पण रिसॉर्टवाल्यांना हवी आहे, पाण्यासाठी. म्हणून काशीरामला गाठलं आणि तुझा कोपरा बांधून घ्यायला सांगितलं. जुन्या मोजणीप्रमाणे, पायरीसकट. गडगा उभा राहिला की ती जागा तुझ्या नावावर करून द्यायची असं ठरवलं होतं. बोललेलं कागदावर आणायला मला वीस वर्षं लागली. उशीर झाला, खरं आहे.

तुला सांगितलं नाही कारण तुला फणसाचं कळलं असतं तर तू त्या गुडघ्याने पहिली गाडी पकडून सहदेवाच्या अंगणात उभी राहिली असतीस. आणि दुसरं, त्याची बायको तुला दर आठवड्याला फोन करते. तुझ्या पोटात काही राहत नाही, राग मानू नकोस.

आता बिघडलं काय ते ऐक. गडग्याचे दोन थर चढले आणि पंचायतीने काम थांबवलं. कोणीतरी अर्ज दिलाय म्हणे, जागेत वाद आहे. नाव काशीरामला सांगितलं नाही. सहदेवाशिवाय दुसरं कोण असणार? वाद आहे असं एकदा कागदावर आलं की त्याला हवंच होतं. आता तो म्हणेल, नव्याने मोजा, आणि हलवलेल्या दगडांपासून मोजून घेईल. मी बहात्तरचा आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढायचं बळ माझ्यात नाही.

चित्र मात्र पुरं झालंय. फादरांनी तोडलेल्या झाडाचा कोंब काढायला सांगितला तेव्हा मला बाहेर शोधायला जावं लागलं नाही, फणसाच्या बुंध्याला खरंच कोंब फुटलाय. फाटक चित्रात नाही, ते त्यांच्या रिवाजाने. खऱ्या गडग्याला मी ठेवायला सांगितलंय, आणि त्याला नेहमीसारखे आडवे बांबू नकोत, नुसतं ढकलायचं लोखंडी हवं, म्हणजे तुला पाय उचलून ओलांडावं लागणार नाही. जमलं तर येऊन चित्र बघून जा. सणाआधी ते उंच लागेल, मग जवळून दिसणार नाही.

लोभ ठेव असं तुला सांगायची वेळ कधी आली नाही, म्हणून सांगत नाही.

जयवंत

॥ श्री ॥
मरोळ
६ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

बाबांनी मला सगळं सांगितलं. तुला पत्र टाकलंय असंही म्हणाले. गेले दोन दिवस सहदेवकाकांना शिव्या देतायत, जेवत नाहीत, रात्रभर कूस बदलत असतात. मी समोर बसून ऐकते.

हे मी सुरू केलं, आत्या. दार लोटलेलं दिसलं आणि मी कान लावला. तेव्हाच दार ढकलून बाबांना विचारलं असतं तर एवढं झालंच नसतं.

अर्जाचं तू सांगतेस की मी सांगू? मला खोटं वागणं जमत नाहीये. लवकर काहीतरी कर.

गार्गी

॥ श्री ॥
मुलुंड
१७ मार्च २०२५

ती. दादास धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्यानंतर मला उत्तर लिहायचं धाडस होईना. काल तू घरीच आहेस, चॅपलकडे जाणार नाहीस हे गार्गीकडून कळलं तेव्हा सौरभने रिक्षा केली आणि मी चॅपलमध्ये आले. तुला टाळून आले. का ते पुढे वाचशीलच.

चित्रापुढे खुर्ची टाकून बसले. आधी गडगा पाहिला. चिरे मोजल्यासारखे एकेक पाहिले. मग विहीर, बुंधा, कोंब, सोनटक्का. हद्द कुठून कुठे जाते, पायरी कुठे असायला हवी, सगळं मनात ताडून पाहिलं. बराच वेळ गेला. फादर शेजारी येऊन उभे राहिले आणि हसून म्हणाले की तुम्ही सगळे कोकणातले लोक एकाच पद्धतीने बघता. तुमची भाची आली, तिने जमीन पाहिली. तुम्ही आलात, तुम्हीही जमीनच पाहताय. हे सगळं जिच्यासाठी काढलंय तिच्याकडे कोणीतरी बघा की.

मग मी बाईकडे पाहिलं. दादा, कान कोणाचे काढलेस ते! एवढे सुपासारखे कान आपल्या घराबाहेर कोणाला नाहीत. पदर मुद्दाम मागे घेऊन दोन्ही दाखवलेस. एक पाय दुमडून विहिरीच्या पायरीवरच बसलीय, पायरी पदराखाली गेली म्हणून गार्गीला दिसली नाही; ऐकताना मान तिरकी, भुवया चढलेल्या, देवदूतावर सुद्धा विश्वास नसल्यासारखी. एकोणीस वर्षांची मी विहिरीवर अशीच बसायचे. गार्गीने ओळखलं नाही, तिचा काय दोष, तिने मला पाहिलं ते केस पिकल्यावर. पण मी स्वतःला ओळखलं नाही, ते का? गडगा बघत होते म्हणून. आत कोण आहे ते शेवटी पाहिलं. फादर म्हणाले, जुने लोक म्हणायचे की देवाचा शब्द मारियेच्या कानातून आत गेला, म्हणून कान मोठे असले तर बिघडत नाही. मला तिथे बसल्याबसल्या रडू कोसळलं. सौरभ घाबरून पाणी आणायला धावला.

आता जे सांगायचं ते सांगते. पंचायतीत अर्ज सहदेवाने दिला नाही. मी दिला. सही माझी आहे. तू मला बाहेर काढतोयस असं मला वाटलं आणि मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. गार्गीला बोल लावू नकोस, तिने जे पाहिलं ते लिहिलं, अर्थ मी लावले. तू माझ्यासाठी बांधत होतास ते मी माझ्याच हाताने थांबवलं, आणि सहदेवाला हवा असलेला कागद त्याला आयता दिला. त्याच्या बायकोचा काल फोन आला होता. खूश होती. म्हणाली, तुम्ही सख्खी बहीण असून वाद आहे म्हणता, मग आम्ही तरी काय चुकीचं बोलत होतो? मी फोन ठेवला. बावीस वर्षांत तिचा फोन मी पहिल्यांदा मध्येच ठेवला.

अर्ज मागे घेत असल्याचं पंचायतीला लिहून पाठवलंय. पण नुसत्या टपालाने हे निस्तरणार नाही, तिथे कोणीतरी उभं राहून बोलायला हवं. म्हणून मी शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. सौरभ बरोबर येतोय. डॉक्टर नाही म्हणाले, मी त्यांना हो म्हणाले. जुनी हद्द कुठे होती ते गावात आता तुझ्यानंतर मलाच माहीत आहे, फणसाखाली मी लहानपण काढलंय. सगळ्यांसमोर सांगेन की अर्ज चुकीचा होता, जागेत वाद नाही, माझ्या भावाने गडगा बरोबर जागी घातलाय. सहदेवाला जे बोलायचं ते मला बोलू दे. काशीरामला निरोप दिलाय, मी आल्याशिवाय चिरे उचलू देऊ नकोस.

नावावर करून द्यायचं राहू दे. ते तू माझ्यासाठी करणार होतास तेव्हा मी कशी वागले हे तुला आता माहीत आहे. पुन्हा द्यावंसं वाटलं तर दे, नाही वाटलं तर मी मागणार नाही.

तू शुक्रवारी आलास तर तुझं तिकीट सौरभ काढेल. माझ्याशी न बोलता समोरच्या बाकावर बसलास तरी चालेल, डबा दोघांचा आणते आहे. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. शिल्लक असेल तर स्टेशनवर ये.

तुझी,
सुगंधा